कापलेल्या फोटोला हार

जो मेला की जगला हे त्याच्या सख्ख्या आईलाही ठाऊक नव्हतं, अशा एका मुलाच्या फोटोला मी चंदनाचा हार घातला. कुणाला विचारलं नाही. हार घातला, उदबत्ती लावली, वाटीत खीर ठेवली आणि वर तो सगळा थाट त्याच्या आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. तिने मला लागोपाठ चार प्रश्न विचारले. तिची भाषा मला ओ की ठो कळत नव्हती. म्हणून मी चारही प्रश्नांना मान डोलावली.

हे सात वर्षांपूर्वीचं. तेव्हा मी सहासष्टची होते, म्हणजे अगदीच अल्लड. आता त्र्याहत्तराव्या वर्षी त्या बाईकडे वळून पाहते तेव्हा तिला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटतं. पण ती ऐकणारी नव्हती. तिला सगळं माहीत होतं. नौपाड्यातल्या आमच्या गल्लीत कुणाच्या घरी पितरांच्या पानावर काय वाढतात, कुणाकडे आमसुलाची चटणी लागते, कुणाकडे वडे विसरून चालत नाहीत, हे तिला तोंडपाठ होतं. तेव्हा परमुलखातल्या एका मुलाचंही आपण बघून घेऊ, असं तिला वाटलं.

माझी सून व्हिएतनामची आहे. मुलगा कामासाठी चार वर्षं सायगॉनला होता, येताना तिला घेऊन आला. त्या शहराचं नाव बदलून कितीतरी वर्षं झाली, पण सुनेच्या माहेरी सगळे जुनंच नाव घेतात. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. आपण नाही का अजून जुन्या नावांनी रस्ते ओळखत!

लग्न दोनदा झालं, एकदा तिकडे आणि एकदा ठाण्यात. तिकडच्या लग्नाला मी गेले तेव्हा मनात पडकी घरं आणि कुबड्या घेतलेली माणसं धरूनच गेले होते. पाहते तर काय, रस्ताभर स्कूटरींचा लोंढा, काचेच्या इमारती, कोपऱ्याकोपऱ्यावर बुटक्या स्टुलांवर बसून बर्फाची कॉफी पिणारी मुलं, आणि मुलींच्या नखानखावर रंगवलेली फुलं. मी सुनेला युद्धाबद्दल विचारलं. ती म्हणाली, "आई, ते शाळेत होतं. सनावळ्या पाठ करायच्या. परीक्षा झाली की विसरायच्या." मला ते एकदम पटलं. मीही इतिहासाचं तेच केलं होतं.

मुलाने आम्हा सगळ्यांना जमिनीखालची भुयारं दाखवायला नेलं. लढाई चालू असताना त्यांत माणसं राहायची. आता तिकीट आहे, गाईड आहेत, गोरे प्रवासी गुडघ्यांवर रांगत एकमेकांचे फोटो काढतात. मी कधी कशात मागे राहिलेली नाही, तेव्हा पदर खोचून मीही आत शिरले आणि दुसऱ्याच वळणावर अडकले. पुढून एक धिप्पाड परदेशी बाई माझे हात ओढतेय, मागून मुलगा "आई, श्वास सोड, श्वास सोड!" ओरडतोय, आणि मी हसतेय. बाहेर आले तरी हसू थांबेना. विहीणबाई झाडाखाली उसाचा रस घेऊन उभ्या होत्या. त्या आत आल्याच नव्हत्या. त्यांनी माझ्या केसांतली माती झटकली आणि ग्लास माझ्यापुढे धरला. "भित्र्या आहेत जरा," मी मुलाच्या कानात म्हणाले. हेही सांगून टाकते. सांगायला बसलेच आहे तर सगळं सांगावं.

ठाण्याच्या लग्नात त्या लोकांना सगळ्यात अप्रूप वाटलं ते हारांचं. नवरानवरीने एकमेकांच्या गळ्यात हार घालायचे, हे तिकडे नसतं. विहीणबाईंची आई तेव्हाच नव्वदीला टेकलेली. ती मेकाँग नदीकाठच्या गावात राहते, तिला विमानाचा प्रवास झेपणारा नव्हता. तिने लग्नाचा व्हिडिओ पाहिला. एकदा नव्हे, रोज. शेजारणीला बोलावून नेमका हारांपाशी थांबवायला लावायची, असं सून मला कौतुकाने सांगायची. म्हणजे हे मला माहीत होतं. माहीत असून वेळेवर डोक्यात आलं नाही.

श्रावणात सून बाळंत झाली आणि विहीणबाई तीन महिन्यांसाठी ठाण्याला आल्या. बाई म्हणजे एवढीशी मूठभर, पण कामाला वाघ. त्यांना मराठी येत नव्हतं, मला त्यांची भाषा येत नव्हती, आणि इंग्रजीत आम्ही दोघी 'गुड, गुड' एवढ्यावर संसार करत होतो. पण बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवायची असते, यावर आमचं पहिल्याच दिवशी एकमत झालं. त्यांच्याकडेही अगदी हेच, निखाऱ्यांवर शेक! मी ओवा टाकला, त्यांनी कसला तरी पाला टाकला. डॉक्टरीणबाई तपासायला आल्या त्या खोकतच आत शिरल्या. "दोन-दोन आज्या घरात, आणि खोलीत हा धूर? त्या बाळाने श्वास घ्यायचा की नाही?" शेगडी बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी तव्यावर विटा तापवल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि गुपचूप खाटेखाली सरकवल्या. मी दाराशी पहारा दिला.

त्यांनी येताना बॅगेतून सुके मासे आणले, कॉफी आणली आणि दोन फोटो आणले. फोटो त्यांनी आपल्या खोलीत कपाटावर मांडले. एक त्यांच्या यजमानांचा. ते आजारपणात गेले होते. त्यांच्यापुढे रोज सकाळी उदबत्ती लागायची आणि दुधाळ कॉफीचा एक छोटा कप ठेवला जायचा. कॉफी थोड्या वेळाने विहीणबाई स्वतः प्यायच्या. मला हे फार आवडलं. आमचे हे गेल्यापासून मी त्यांच्या फोटोला हार घालते, पण चहा ठेवायचं मला कधी सुचलं नव्हतं.

दुसरा फोटो एका मुलाचा. विशीतला असेल. कान जरा पुढे आलेले, ओठ मिटून हसू दाबलेलं. पण फोटो विचित्र होता. मूळ फोटो हनुवटीखाली, खांद्यापाशी कात्रीने तिरपा कापलेला, आणि तो तुकडा कोऱ्या कागदावर चिकटवून त्याची प्रत काढलेली. म्हणजे वर चेहरा आणि खाली पांढरं रितं. या मुलापुढे उदबत्ती नाही, कॉफी नाही, काही नाही. मी लगेच गोष्ट रचली. शेजारी कुणी मुलगी उभी असणार, घरच्यांना पसंत नसणार, कापून टाकली. मला अशा गोष्टी रचायला फार वेळ लागत नाही.

शेवटी न राहवून सुनेला विचारलं, "हा कोण गं?"

ती बाळाला पाजत होती. "मामा. आईचा मोठा भाऊ. वॉरमध्ये..." म्हणाली, आणि बाळ तिच्या अंगावर ओकलं. वाक्य तिथेच राहिलं. ते मी माझ्या मनाने पूर्ण केलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

उलट मी काय केलं ते सांगते. युद्धात भाऊ गेला म्हटल्यावर मला माझं एक जुनं शौर्य आठवलं. माझं माहेर मोहन्याचं. वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते, आणि मी कॉलेजसाठी कल्याणला जायची. तेव्हा एकदा व्हिएतनामसाठी मोर्चा निघाला होता, आणि मी त्यात स्टेशनपासून शिवाजी चौकापर्यंत घसा बसेस्तोवर घोषणा देत चालले होते. व्हिएतनाम कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. आफ्रिकेत असावं असा माझा अंदाज होता. चष्मा लावलेला एक उंच मुलगा पुढे फलक धरून चालला होता, तो मात्र कुठे आहे ते मला पक्कं माहीत होतं. चष्म्याचा भाग वगळून मी हे सगळं फोनमध्ये बोलले आणि फोनने ते विहीणबाईंना त्यांच्या भाषेत ऐकवलं. "मी तुमच्यासाठी मोर्चात चालले होते. तुम्ही जिंकलात तेव्हा आम्ही पेढे वाटले." पेढे मी आयत्या वेळी घातले. विहीणबाईंनी ऐकलं. माझा हात हातात घेतला, 'थँक यू' म्हणाल्या आणि बाळाच्या लंगोटांच्या घड्या घालायला गेल्या.

सकाळी आम्ही दोघी खोपटपर्यंत फिरायला जायचो. एसटी डेपोपाशी त्या हटकून थांबायच्या. बसमधून उतरणाऱ्या माणसांकडे बघत राहायच्या, विशेषतः पिकल्या केसांच्या पुरुषांकडे. मी घरी येऊन सुनेला डोळा मारत म्हटलं, "तुझ्या आईचं काही खरं नाही हं." ती हसली नाही. मला वाटलं, विनोद कळला नाही.

भाद्रपदातला पितृपंधरवडा आला. सर्वपित्री अमावस्येला, ज्यांची तिथी माहीत नाही त्या सगळ्यांचं पान ठेवतात. तिथी नसलेल्यांसाठीच तो दिवस आहे. यांच्या फोटोचा जुना हार विटला होता म्हणून मी बाजारातून नवा आणायला गेले, आणि जोडीने दोन घेऊन आले. मला त्या कापलेल्या मुलाची दया आली होती. शेजारी मेहुण्याला रोज कॉफी, आणि हा बिचारा कोरडा. लढाईत मेलेला, तिथी माहीत नाही, कुणी करत नाही. आज त्याचंही होऊन जाऊ दे!

दुपारी बाळ आणि सून झोपले होते. विहीणबाई गच्चीवर कपडे काढायला गेल्या होत्या. मी कपाटावरचा फोटो पुसला आणि हार घातला. गंमत म्हणजे तो हार त्या फोटोला फार शोभला. खालचं पांढरं रितं होतं ना, ते बरोबर झाकलं गेलं. मुलगा एकदम पुरा दिसायला लागला.

तेवढ्यात विहीणबाईंचा फोन वाजला. रोज चारच्या सुमाराला त्यांच्या आईचा फोन यायचा. शेजारीण लावून द्यायची आणि आपल्या कामाला निघून जायची. बाळाची ती पणजी आणि मी, आमचीही ओळख झाली होती. भाषा नव्हती, पण ती मला पान खाऊन काळे झालेले दात दाखवायची, मी तिला माझी कवळी दाखवायची. मी फोन घेतला. हसणं-बिसणं झालं. मग मोठ्या ऐटीत मी फोन वळवला आणि तिला तिचा मुलगा दाखवला. हार, उदबत्ती, खीर.

म्हातारीचं तोंड उघडंच राहिलं. तिने दोन्ही हात गालांवर ठेवले. मग ती रडायला लागली, हसायला लागली, पुन्हा रडायला लागली. मला भरून आलं. वाटलं, बघ, एवढ्या वर्षांत कुणी केलं नाही ते आपण केलं. तिने फोटोकडे बोट केलं, मग खाली जमिनीकडे बोट केलं आणि काहीतरी विचारलं. मी मान डोलावली. तिने आपल्या गळ्याभोवती हात फिरवून हार दाखवला आणि विचारलं. मी जोरात मान डोलावली. तिने दोन तर्जन्या एकमेकींना जोडून विचारलं. मला वाटलं, पितरांच्या रांगेत जाऊन बसला का, असं काहीतरी असेल. डोलावली. मग तिने गुडघ्याच्या उंचीवर हात धरला, आणखी थोडा वर धरला, आणि अगदी हळू आवाजात काहीतरी लांबलचक म्हणाली. लहानपणी तो एवढासा होता, असं सांगत असणार. आईचं मन! मी डोळे पुसत मान डोलावली.

अर्ध्या तासाने पुन्हा फोन वाजला. या वेळी शेजारीण होती. विहीणबाई स्वयंपाकघरात उभ्या राहून ऐकत होत्या. मग तिला तेच तेच मोठ्याने विचारायला लागल्या. सून आवाजाने उठून आली, तिने आईच्या हातून फोन घेतला, ऐकला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आई, तुम्ही आजीला काय सांगितलं?"

"मी काय सांगणार? मला येतंय का काही?"

"तिने काय विचारलं?"

मी खुणा करून दाखवल्या. एकेक खूण झाली की सून मला तिचा अर्थ सांगत गेली. आवाज न चढवता. ती कधीच आवाज चढवत नाही. त्यापेक्षा चढवला असता तर बरं झालं असतं.

"तो तिथे आहे? असं विचारलं. तुम्ही हो म्हणालात. हार घातला, म्हणजे लग्न झालं? तुम्ही हो म्हणालात. बायको त्याच्याबरोबर राहते? हो. मुलं आहेत? किती मोठी आहेत?"

पुढचं तिने मला त्या संध्याकाळी सांगितलं, आणि तेव्हा ते वाक्य पहिल्यांदा पूर्ण झालं. मामा हरलेल्या बाजूच्या सैन्यात होता. दक्षिणेच्या. वीस वर्षांचा. शेवटच्या दिवसांत सगळी पळापळ झाली तेव्हा कुणी त्याला पुलापाशी पडलेला पाहिलं, कुणी नदीवर नावेत चढताना पाहिलं. दोघंही शपथेवर सांगणारे. नावेने समुद्रावर गेलेली पुष्कळ माणसं पुढे कुठल्या कुठल्या देशांत सापडली होती. म्हणून त्याच्या आईने नावेचीच गोष्ट धरून ठेवली. जिंकलेल्यांच्या मुलांना थडगी आहेत. ज्यांचं नाव कळलं नाही त्यांनाही पांढरी थडगी आहेत, आणि म्हाताऱ्या आया जायच्या आत त्यांचं रक्त तपासून सरकार हाडांशी जुळवून बघतं. याच्या बाजूच्या मुलांना कोण शोधणार? घरात तसला फोटो सापडला तरी पंचाईत होती. म्हणून आईने कात्री घेऊन गणवेश कापला आणि चुलीत घातला. चेहरा ठेवला. घरातलं कुणीही परदेशी निघालं की ती त्या चेहऱ्याची एक प्रत बॅगेत घालते. अमेरिकेला एक गेली, ऑस्ट्रेलियाला एक गेली. लोकांना दाखवा, रस्त्यात चेहरे बघत चला. आणि जोपर्यंत कुणी पाहून सांगत नाही, तोपर्यंत त्याच्यापुढे उदबत्ती लावायची नाही. विहीणबाईंनी आयुष्यभर ते पाळलं होतं.

"आणि तुमचा मोर्चा," सून म्हणाली, "तो दुसऱ्या बाजूसाठी होता."

मी म्हटलं, "मला काय माहीत?" हे वाक्य मी त्या काळात फार वापरायची.

पुढचे तीन दिवस तो गैरसमज तसाच चालू राहिला. तिकडे पणजीने सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. ठेवणीतला रेशमी पोशाख काढून घातला होता. रोज चारला फोन यायचा आणि ती मुलाला बोलवा म्हणायची. विहीणबाई खोलीचं दार लोटून घेत. सून मला नंतर सांगायची: आज सांगितलं की कामावर गेलाय. आज सांगितलं की बायकोला घेऊन गावाला गेलाय. माझी फोनसमोर जायची हिंमत नव्हती. चारच्या ठोक्याला मी देवळात जाऊन बसायची. हार मी कधीच उतरवला होता. तो कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून पिशवीत घालून बरोबर घेऊन फिरत होते.

तिसऱ्या दिवशी मला असह्य झालं. माझं जेवण जाईना. मी सुनेला म्हटलं, "खरं काय ते सांगून टाकू या. माझी चूक आहे, मीच सांगते."

सुनेने आईला विचारलं. विहीणबाई बाळाच्या टाळूला तेल लावत होत्या. मान वर न करता काहीतरी म्हणाल्या.

"आई म्हणते, थोडं थांबा. घाई नको."

"अगं, थांबून काय होणार? जितके दिवस जातील तितकं वाईट. उद्या ती तिकीट काढा म्हणाली तर? त्या म्हातारीशी असं खोटं वागायचं? मला नाही जमणार."

मला नाही जमणार. सत्याचा एवढा पुळका मला त्याआधी कधी आला नव्हता. शेजारणीने पुरणपोळी कशी झाली विचारल्यावर मी डोळा न हलवता खोटं बोलणारी बाई. मला फक्त माझ्या छातीवरचं ओझं उतरवायचं होतं. मी मुलालाही बाजूला ओढून माझ्या बाजूने बोलायला लावलं. तो बायकोला म्हणाला, "माझी आई म्हणते ते बरोबर आहे, कधीतरी सांगावंच लागेल." विहीणबाई एका बाजूला आणि आम्ही दोघं एका बाजूला, तेही आमच्या घरात. चौथ्या दिवशी चारला त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि त्या बाळाला घेऊन बाहेरच्या खोलीत गेल्या.

पणजीने केस विंचरून अंबाडा घातला होता. मला बघून तिने काळे दात दाखवले. मी आमच्या यांचा हार घातलेला फोटो भिंतीवरून काढून मांडीवर घेतला होता. सून शेजारी बसली. मी सांगत गेले, ती तिच्या भाषेत सांगत गेली. हे माझे यजमान. हे आता नाहीत. आमच्याकडे लग्नात हार घालतात आणि माणूस गेल्यावर फोटोलाही घालतात. मी तुमच्या मुलाला न विचारता घातला. तो इथे नाही. मी त्याला पाहिलेलं नाही. इथे त्याला कुणीच पाहिलेलं नाही.

पणजी ऐकत होती. मग तिने एकच प्रश्न विचारला, आणि सून तो मला सांगायला तयार होईना. मी म्हटलं, "सांग गं."

"ती विचारते, मग तुम्ही मान का डोलावली?"

मी म्हटलं, तुमची भाषा कळत नव्हती म्हणून. सुनेने ते सांगितलं की नाही, मला माहीत नाही. पणजीने फोन हातातून खाली ठेवला. बंद केला नाही, बंद करता येत नव्हता तिला. पडद्यावर तिच्या घराचं छप्पर दिसत होतं, फिरणारा पंखा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचा एक कोपरा. बाहेरून स्कूटरी जात होत्या, कुणीतरी जोरात गाणं लावलं होतं. आम्ही दोघी कितीतरी वेळ तो पंखा बघत बसलो. शेवटी शेजारीण आली आणि तिने फोन बंद केला.

आठवड्याने कळलं की पणजीने मुलाचा फोटो नवऱ्याच्या फोटोशेजारी मांडला. पहिल्यांदाच त्याच्यापुढे उदबत्ती लावली. मेलेल्याचं दरवर्षी जेवण घालायचं तर त्यांच्याकडेही तिथी लागते, चंद्रावरून धरलेली. तिने त्या फोनचा दिवस धरला. म्हणजे त्या घरात तो मुलगा, लढाई संपून इतकी वर्षं झाल्यावर, मी सांगितलं त्या दुपारी मेला.

विहीणबाई ठरल्या दिवसाआधी तीन आठवडे परत गेल्या. बाळ तीन महिन्यांचंही नव्हतं. जाताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला, मीही केला. त्यांच्या नव्या वर्षाचा सण झाल्यावर थोड्याच दिवसांत पणजी गेली. आजार काही नव्हता, असं सून म्हणाली. अन्न तुटलं होतं.

विहीणबाई पुन्हा ठाण्याला आल्या तेव्हा नातू दीड वर्षाचा होऊन घरभर धावत होता. एका सकाळी आम्ही तिघी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होतो. मध्ये एवढे दिवस गेले होते तरी त्या विषयावर आमच्यात अक्षर निघालं नव्हतं. मी सुनेला म्हटलं, "तुझ्या आईला सांग, माझं चुकलं. हार घातला ते चुकलं, मान डोलावली ते चुकलं. निदान शेवटी खरं सांगितलं, एवढंच."

सुनेने सांगितलं. विहीणबाईंनी हातातली जुडी संपवली, देठ एका बाजूला केले, आणि मग माझ्याकडे बघत चार वाक्यं बोलल्या. सुनेने तिच्या मराठीत ती मला सांगितली:

"आई म्हणते, हार घातला त्याचा राग नाही. ते तीन दिवस आजी रोज दोन वाट्या भात खात होती, आणि शेजारणीला गाणं म्हणून दाखवत होती. आई लहान असताना ती गायची, त्यानंतर कधीच नाही. आई म्हणते, मी तुम्हाला थांबा म्हणाले होते, मला अजून थोडे दिवस हवे होते."